रुपया फिरला पाहिजे!

हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार कोठे भरला, असा प्रश्न एखाद्या परीक्षेत घातला तर शंभरातले नव्वद विद्यार्थी मुंबई नाहीतर कलकत्ता लिहून मोकळे होतील. खरे उत्तर आहे कारंजा. वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड! त्या काळी वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटकडे होता. १८८६ साली रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा कापूसबाजार नियमांखाली आला आणि १८९७ साली साऱ्या वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. साहेबाला वऱ्हाडी शेतकऱ्याचा कळवळा आला होता, अशातला भाग नाही. लँकेशायरच्या गिरण्यांना चोख कापूस वाजवी भावात हवा होता. हेतू काहीही असो, एक गोष्ट त्या वेळीच कळून चुकली होती. जेथे माप खरे आणि पैसा वेळेवर, तेथे माल आपण होऊन चालत येतो.

कारंज्याची श्रीमंती त्याहूनही जुनी. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने सुरतेपाठोपाठ कारंजे लुटले. लूट भरल्या पेठेचीच होते, रिकाम्या गावाची नाही! वाशीम शहर तर एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. आणि आज? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा २०१८ साली नीती आयोगाने ‘आकांक्षित’ म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत घातला. त्या यादीत महाराष्ट्रातले अवघे चार जिल्हे होते. २०११ च्या शिरगणतीत येथली वस्ती बारा लाखांच्या जरा आत भरली आणि त्यांतली शेकडा ऐंशीहून अधिक माणसे खेड्यांतून राहणारी निघाली. पदवी हातात पडली की पोरगा पुण्याची गाडी धरतो. घरी राहिलेला भाऊ शेत पाहतो आणि मनात म्हणतो, एखादा लहानसा कारखाना काढावा.

कारखाना निघतोही. फीत कापली जाते, पेढे वाटले जातात, फोटो निघतात. मग कुठे चालतो, कुठे रखडतो, तर कुठे दोन पावसाळे पाहून शेडला कुलूप लागते. हे असे का होते? ‘आपल्या माणसाला धंदा जमत नाही’ हे ठरीव उत्तर देणाऱ्याने एकदा कारंज्याचा इतिहास वाचावा. भांडवल नाही, रस्ते नाहीत, सरकार ऐकत नाही, ही उत्तरे अगदीच खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. लहान धंद्याच्या यशापयशाची कारणे दहा सांगता येतील. ती सारी अखेर एकाच प्रश्नावर येऊन मिळतात. घातलेला रुपया किती दिवसांनी परत येतो?

कोणता माल गावात थांबतो?

आधी कच्च्या मालाचे पाहू. शंभर किलो कपाशी पिंजली तर रुई निघते तिचा जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी सरकी. एवढे ओझे लांब नेण्यापेक्षा रुई इथेच काढून गाठी बांधणे स्वस्त. म्हणून वऱ्हाडात तालुक्या-तालुक्याला जिनिंग प्रेसिंग उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला अरुंद रुळांची गाडी धावू लागली. हीच ‘शकुंतला’. आता ती बंद आहे. उसाचेही तसेच. तोडलेल्या उसाचे वजन भारी, साखर निघते शेकडा दहा-अकरा आणि एका दिवसात गाळप झाले नाही तर रस उतरतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यामागे माणसांची जिद्द होतीच. पण कारखाना शेताजवळच हवा, हा उसाचा हट्टही होता.

आता वाशीमच्या शिवारात काय दिसते? खरिपात जिकडेतिकडे सोयाबीन. या पिकाने शेतकऱ्याला तीन-साडेतीन महिन्यांत हाती पैसा दिला, हे त्याचे उपकार. पण गावच्या घाण्याला त्याने दगा दिला. भुईमूग, तीळ, करडई यांचे तेल घाण्यावर पिळून निघते. सोयाबीनमध्ये तेल शेकडा अठरा ते वीस. दाबून काढू गेले तर त्यातले बरेच पेंडीत राहते. म्हणून ते रसायनात विरघळवून काढावे लागते आणि त्यासाठी कोट्यवधींचा कारखाना लागतो. शिवाय तेलही बाहेर विकायचे आणि पेंडही. वजनात फारसे काही घटत नाही. मग शेताजवळ कारखाना काढून वाहतुकीत वाचणार काय? तात्पर्य, सोयाबीन ट्रकमध्ये बसून गावाबाहेर जाते ते उगाच नव्हे.

तुरीचा स्वभाव मात्र वेगळा. शंभर किलो तुरीतून साध्या गिरणीत सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ पडते. उरलेली चुणी आणि टरफल येथल्याच गाईम्हशींच्या दावणीत खपते. म्हणजे बाहेर जायचा माल हलका झाला आणि मागे राहिला त्याला घरचे गिऱ्हाईक मिळाले. लहान कारखान्याला याहून सोयीचा कच्चा माल कोणता? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ गिरणी तयार केली ती हे ओळखूनच. ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ हे नाव वऱ्हाडात आता चांगलेच रुळले आहे.

यंत्र स्वस्त, माल महाग

तर मग गिरणी घालावी आणि डाळ विकावी, इतके सोपे का नाही? येथे जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

समजा, गिरणी दिवसाला दहा क्विंटल तूर भरडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव आठ हजार रुपये क्विंटल जाहीर झाला, तोच धरू. रोजची तूर ऐंशी हजारांची झाली. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले तर वीस लाखांची. तूर आली की लगेच डाळ झाली, असे होत नाही. ती चाळायची, दाणे निवडून सारखे करायचे, कुरुंदाच्या रुळावर ओरखडून घ्यायची, तेलाचा हात द्यायचा, उन्हात वाळवायची आणि हे चक्र दोन-तीनदा करायचे. कच्चा, वाळत पडलेला आणि तयार, असा सारा मिळून महिन्याभराचा माल आवारात राहिला तर वीस लाख तेथे अडकले. डाळ व्यापाऱ्याला महिन्याच्या उधारीवर दिली तर आणखी वीस लाख बाहेर! एकूण चाळीस. ज्या यंत्रासाठी एवढा खटाटोप केला, ते याच्या लहानशा हिश्श्यात येते.

आणि आपली सगळी धाव कशाकडे? यंत्राकडे! २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या शेकडा पस्तीस, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान ठेवले गेले. योजना चांगली, पण अनुदानाचा आकडा दिसला की गरजेहून मोठे यंत्र घ्यायचा मोह आवरत नाही. नाकापेक्षा मोती जड होतो. घरची सारी पुंजी शेड आणि यंत्र यांत जाते आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत, जेव्हा बाजारात तुरीची थप्पी लागते आणि घ्यायची वेळ असते, तेव्हा गिरणीवाल्याचा खिसा रिकामा! मग तो चढ्या व्याजाने पैसा उचलतो किंवा हंगाम सरल्यावर महाग तूर घेतो. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून वाळवण बंद, गिरणी बंद. पण बँकेचे व्याज मात्र आषाढातही वाढतच असते.

बँकांत कर्ज मिळत नाही, असे नाही. तारण नसलेल्या लहान उद्योजकासाठी कर्जहमीचा निधी २००० सालापासून आहे. २०१५ साली मुद्रा योजना आली. तिची दहा लाखांची मर्यादा, आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी, २०२४ साली वीस लाख झाली. पण कर्ज मागायला जाणाऱ्याने दोन कर्जे निराळी ओळखली पाहिजेत. एक यंत्रासाठी मुदतीचे आणि दुसरे खेळत्या भांडवलाचे. पहिले मंजूर झाले की पेढे वाटतात. गिरणी चालते ती दुसऱ्यावर.

उधारीचे पोते

‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण ज्याने काढली तो खासा हिशेबनीस असला पाहिजे. त्याचा हिशेब आजच्या आकड्यांत मांडून पाहा. एका फेऱ्यात सारा खर्च वजा जाता शंभर रुपयांवर तीन रुपये सुटतात, असे धरू. रुपया दरमहा परत आला तर वर्षाला बारा फेरे, म्हणजे छत्तीस रुपये. चार महिन्यांनी परत आला तर तीन फेरे, म्हणजे नऊ रुपये. आणि पैसा शेकडा बारा व्याजाचा असेल तर? पहिला गिरणीवाला चोवीस रुपये घरी नेतो. दुसरा तीन रुपये पदरचे घालतो. माल तोच, भाव तोच, मेहनत तीच. एकाचा संसार उभा राहतो आणि दुसरा म्हणतो, आमच्या नशिबात धंदाच नाही!

वाशीमसारख्या जिल्ह्यात या उधारीला ऋतूंचे वळण आहे. पाणी थोडे, भिस्त खरिपावर. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचा आणि पुढे तुरीचा. मधले सगळे महिने दुकानदाराच्या वहीवर. कापड, खत, किराणा, मोटरची दुरुस्ती, पाइप, कुठेही जा, एकच उत्तर ऐकू येते: “सोयाबीन निघाल्यावर देतो, भाऊ!” देणारा लबाड नसतो. त्याचाच पैसा पावसात अडकलेला असतो. पण एका वर्षी ऐन काढणीत पाऊस कोसळला आणि शेंगा काळ्या पडल्या, की शेतकऱ्याचे नुकसान वेल्डिंगवाल्यापासून शिंप्यापर्यंत साऱ्या पेठेत पसरते. जो दुकानदार वर्षभर एकाच तालुक्याला, एकाच पिकाच्या भरवशावर उधार देतो, त्याने नकळत त्या पिकातच पैसा लावलेला असतो.

मोठ्या घेणेकऱ्याकडून येणे थकले तर कायदा आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसला तर पंधरा दिवसांत चुकते झाले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज! आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या कायद्यानेही त्याला बळ दिले. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत घेणाऱ्याला खर्चात धरता येत नाही. मात्र हे कवच माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला थकलेल्या पैशांसाठीचे हे संरक्षण नाही. ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवायची ती त्यासाठी. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म समजला जातो. तेव्हा आपण फार लहान, आपल्याला कोण विचारतो, असे म्हणून स्वस्थ बसू नये. खरी अडचण निराळी आहे. ज्याच्याकडे उद्या पुन्हा माल विकायचा, त्याच्यावर दावा कोण लावणार? म्हणून उधारीची मुदत माल देण्यापूर्वी ठरवावी, पावतीवर लिहावी आणि एकाच गिऱ्हाइकाकडे अर्धा धंदा अडकू देऊ नये. कायदा हे शेवटचे औषध आहे.

भावाचा झोका

चौथे कारण मालकाच्या हातात मुळीच नाही, ते म्हणजे बाजारभाव. २०१५ सालची दिवाळी आठवते ना? तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. त्या ऑक्टोबरात सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, गोदामांवर छापे पडले. पुढच्याच हंगामात शेतकऱ्यांनी तूर उदंड पेरली, पाऊसही बरा झाला आणि २०१७ च्या आरंभी हमीभाव पाच हजार पन्नास असताना बाजारातला भाव त्याच्याही खाली गेला. सरकारी खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. चढत्या भावाच्या आशेने ज्याने महाग तूर कोंबून ठेवली होती, त्याच्या गोदामात तूर राहिली आणि भांडवल गेले.

यातून घेण्याचा धडा असा: गिरणीवाल्याने आपण गिरणीवाला आहोत की सटोडिया, हे एकदा ठरवावे. भाव चढेल म्हणून साठा करणे हा निराळा धंदा आहे; त्याला निराळी छाती आणि निराळा पैसा लागतो. गिरणीची खरी कमाई दाण्याची डाळ करण्यात आहे. तुरीच्या दाण्यात डाळीचा भाग शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास असतो आणि हाती येतात सत्तर-पंचाहत्तर. मधला सारा भाग तुकडा, पीठ आणि चुणी होऊन जातो. रूळ बोथट झाला, लहानमोठा दाणा एकत्र घातला, वाळवण कच्चे राहिले, की डाळ फुटते. नीट लक्ष घालून शंभर क्विंटलमागे तीन क्विंटल डाळ जास्त काढणारा, भाव कोठेही गेला तरी तगून राहतो. दिल्लीचा आयात-निर्यातीचा हुकूम वाशीमचा गिरणीवाला बदलू शकत नाही. रुळावर कुरुंदाचा थर मात्र वेळेवर देऊ शकतो.

रस्ता दोन्ही अंगांनी चालतो

वाशीम जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर बसला आहे. एका उतारावरचे पाणी तापीकडे जाते, दुसऱ्या उतारावरचे पैनगंगेतून गोदावरीकडे. जिल्ह्यात थांबते थोडे. मालाचेही आजवर तसेच झाले. आता वाटा सुधारल्या. अकोला-पूर्णा लोहमार्ग २००८ साली रुंद झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी सातशे एक किलोमीटरचा सारा मार्ग पुरा झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव येथून त्यावर चढता येते.

आता मुंबई जवळ आली, असे सारे म्हणतात. खरे आहे, पण मुंबईलाही वाशीम तितकेच जवळ आले! येथली डाळ सकाळी निघून रात्री तिथे पोचेल, तशी बाहेरची चकचकीत पाकिटातली डाळही इथल्या किराणा दुकानात येऊन बसेल. लांबचा रस्ता आजवर गावच्या कारखानदाराला अडचणीबरोबर आडोसाही देत होता. आडोसा गेला. आता एकसारखा दाणा, स्वच्छ माल, खरे वजन आणि सांगितल्या दिवशी पोच, यांवाचून गत्यंतर नाही. पेठ म्हणजे माप आणि शब्द. हे कारंज्याने १८८६ सालीच पाहिले होते.

गल्ल्यातला हात

राहता राहिला मालक. लहान धंद्यात घर आणि दुकान यांचा गल्ला एकच असतो. त्यातून मुलीच्या लग्नाचा मांडव पडतो, मुलाची फी जाते, पाहुण्याची साडी येते. वर्षअखेर कळते की धंदा नफ्यात होता आणि मालक कर्जात! उपाय अगदी साधा आहे. मालकाने स्वतःला दरमहा ठरलेला पगार लावून घ्यावा आणि त्यापलीकडे गल्ल्याला हात लावू नये. आठवड्यातून एकदा तीन आकडे लिहावेत: हाती रोख किती, आवारात माल किती, लोकांकडे येणे किती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यापासून पुष्कळांचे हिशेब मुनीमजींच्या संगणकात गेले. कर भरण्यापुरते ते चोख असतात. पण कर भरण्यासाठी ठेवलेली वही आणि धंदा हाकण्यासाठी ठेवलेली वही यांत फरक आहे. पहिली सरकार वाचते; दुसरी मालकाने वाचायची असते.

मग सुरुवात कोठून करावी?

जमीन गहाण टाकून पहिल्याच वर्षी मोठी गिरणी घालायला निघालेल्या तरुणाला आमचे एकच सांगणे आहे: आधी भरडाई करा. शेतकऱ्याची तूर शेतकऱ्याचीच राहू द्या. ती भरडून द्या आणि मजुरी घ्या. तुरीत आपला पैसा गुंतत नाही, भाव पडला तर झोप उडत नाही आणि मजुरी बहुधा रोख मिळते. चुणीचा काय तो व्यवहार आधीच ठरवून टाका. दोन हंगामांत यंत्राच्या खोडी कळतात, कोणता शेतकरी कसा माल आणतो ते कळते, कोणते गिऱ्हाईक शब्दाला जागते तेही कळते. मग थोडी तूर स्वतःची घ्या. डाळ आधी आपल्या तालुक्यात, रोखीने, आपल्या नावाच्या पिशवीतून विका. फेरा किती दिवसांत पुरा होतो ते मोजा आणि तो पुरा होत असेल तरच यंत्र वाढवा.

ज्यांना एकट्याने झेपत नाही त्यांच्यासाठी शेतकरी उत्पादक कंपन्यांची वाट आहे. सोयाबीनचे तेल लहान कारखान्यात निघत नसले, तरी सोयाबीनचे बियाणे निघू शकते. त्याचे टरफल पातळ असते, मळणीयंत्राचा वेग जरा वाढला तरी अंकुर दुखावतो. आणि प्रमाणित बियाण्याची उगवण शेकडा सत्तर तरी हवी. म्हणजे इथे कोट्यवधींच्या यंत्रापेक्षा जपून हाताळणाऱ्या माणसाची किंमत जास्त. चाळणी, प्रतवारी, कोरडे गोदाम आणि उगवणीची प्रामाणिक चाचणी एवढ्यावर हा उद्योग उभा राहतो. १९७६ साली स्थापन झालेले महाबीज शेजारी अकोल्यात आहे. काम शिकायला परमुलुखात जायला नको.

यातले एकही काम फोटो काढण्याजोगे नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. भरडाईच्या गिरणीचे उद्घाटन करायला कोणी मंत्री येणार नाही. पण जी गिरणी तिसऱ्या पावसाळ्यानंतरही चालू राहते, तिच्यावर चार-सहा घरे जगतात, तिच्या चुणीवर गावच्या म्हशी दूध देतात आणि त्या घरांतल्या एखाद्या तरी पोराला पुण्याची गाडी धरण्यापूर्वी दोनदा विचार करावासा वाटतो. तेव्हा, तरुण मित्रांनो, कोणी नवा धंदा काढला असे कळले, तर शेड किती फूट आणि यंत्र किती अश्वशक्तीचे, हे खुशाल विचारा. पण आधी विचारा, पैसा किती दिवसांनी परत येतो? या प्रश्नाला ज्याच्यापाशी दिवसांच्या आकड्यात उत्तर असेल, त्याच्या धंद्यात भागीदारी करायला हरकत नाही.